पंढरीच्या पायवाटा

पंढरपूरला कसे जावे, असा प्रश्न मी आपणांस विचारला, तर आपणांपैकी बहुतेकांना त्याचे हसू येईल. एस. टी. आहे, कुर्डुवाडीहून आगगाडी आहे, ज्यांच्या दारी मोटार आहे त्यांना तर विचारावयासच नको. तथापि हा प्रश्न मी विचारतो तो या साधनांविषयी नव्हे. पायी जाणाऱ्या माणसाने पंढरपूरला कोणत्या वाटेने जावे, ती वाट कोणी आखली, आणि ती आज कोठे आहे, एवढ्याविषयीच मी आज चार शब्द बोलणार आहे.

प्रथम माझा स्वतःचा परिचय देतो, कारण या विषयात माझा स्वतःचा काही अपराध गुंतलेला आहे आणि तो सांगितल्यावाचून हे भाषण पुरे व्हावयाचे नाही. मी मॅट्रिक झालेला, खेड्यातील प्राथमिक शाळेत जन्म घालविलेला एक शिक्षक. आमची जमीन सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, मोहोळ तालुक्यातील चिंचोळीच्या शिवारात. या शिवाराच्या माळावर आज औद्योगिक वसाहत उभी आहे. तिला आमच्याकडे लहानथोर सारे ‘एमायडीशी’ म्हणतात. या वसाहतीने आमच्या भागातील पुष्कळ घरांत चूल पेटविली आहे, माझे कितीतरी विद्यार्थी तिच्यात कामाला आहेत, हे मी आरंभीच कृतज्ञतेने सांगून ठेवतो. नाहीतर म्हातारा मनुष्य जुन्या दिवसांचे रडगाणे गात आहे असा आपला समज व्हावयाचा.

आता भूमीविषयी. आपण सोलापूर जिल्ह्याकडे आगगाडीच्या खिडकीतून पाहिले असेल, तर हा मुलूख आपणांस सपाट, रुक्ष आणि कंटाळवाणा वाटला असेल. सह्याद्रीसारखे कडे येथे नाहीत, धबधबे नाहीत. परंतु सह्याद्री आणि आमचा माळ हे एकाच कुळातले आहेत. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त रस उसळून दूरवर पसरला. ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माथ्यातून धूर ओकणारा एखादा डोंगर येतो. येथे मात्र धरणीच जागोजाग उकलली. एक थर निवाला, त्यावर काही काळ ऊनपाऊस झाला, मग दुसरा थर आला. असे थरावर थर बसून जो काळा पाषाण झाला, त्याने आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. पश्चिमेस कोयनेच्या बाजूला याची जाडी किलोमीटराच्या जवळपास किंवा त्याहून अधिक भरते; पूर्वेकडे ती उतरत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीजवळ जे खोल छिद्र शास्त्रज्ञांनी घेतले, त्यात हा काळा थर ३३८ मीटरांवर संपला आणि थोड्याशा गाळथराखाली अतिप्राचीन खडक लागला. आम्ही सोलापूरकर असे या पाषाणाच्या पातळ होत जाणाऱ्या पदरावर वसलेले आहोत.

या खडकाला शास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द स्वीडिश भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ पायरी असा आहे. घाटात या पायऱ्या पुरुषभर काय, ताडमाड उंच दिसतात. आमच्याकडे त्या इतक्या रुंद आणि इतक्या बुटक्या आहेत की मोटारीत बसलेल्याच्या त्या ध्यानातही येत नाहीत. त्या कळतात त्या चालणाऱ्याच्या पोटऱ्यांना. एक माळ चढावा, तासभर सरळ जावे, हलकेच उतरावे, काळ्या रानात यावे, ओढा ओलांडावा, पुन्हा माळ चढावा, असा हा प्रवास असतो.

या पायऱ्यांचा आणि पायवाटांचा संबंध काय, हे मला प्रथम शिकविले ते माझ्या आजीने. तिला अक्षरओळख नव्हती. १९७२ साल होते. त्या वर्षीचा दुष्काळ आपणांपैकी वृद्धांना आठवत असेल. आमच्याकडे विहिरींचे तळ दिसत होते आणि घरोघरची माणसे दुष्काळी कामावर खडी फोडीत होती. मी बारा वर्षांचा होतो. कार्तिकीला आजी पायी पंढरपुरास निघाली आणि घरी खाणारे एक तोंड कमी होईल म्हणून असो, की तिला सोबत हवी म्हणून असो, तिने मला बरोबर घेतले. आमच्यापासून पंढरपूर सुमारे ५५ किलोमीटर. मधे एक मुक्काम. पहाटे निघावे, सीना ओलांडून मोहोळास नागनाथाचे दर्शन घ्यावे, पेनूरच्या बाजूस रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी तुंगतावरून सायंकाळपर्यंत चंद्रभागेच्या वाळवंटात पोहोचावे, असा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

हमरस्ता तेव्हाही होता. पण आजी तो धरीत नसे. तिची वाट माळाच्या कडेकडेने, वळणे घेत जाई. मला त्या वळणांचा राग येई. समोर मोहोळची दिशा सरळ दिसत असता ही उगाच उजवीकडे का जाते, म्हणून मी काळ्या रानातून तिरका निघालो, तेव्हा ती म्हणाली, “काळ्या रानात पाय घालू नगंस, बाळा. माळाची कड धर. काळी पाय धरती, माळ पाय सोडतो.”

हे एक वाक्य मी पुढे कितीतरी वर्षे मनात घोळवीत राहिलो. शिक्षक झाल्यावर भूगोल शिकविताना त्याचा उलगडा झाला. ज्वालामुखीचा खडक झिजला की त्याचा प्रथम मुरूम होतो, आणि मुरूम आणखी कुजून, वाहून सखल जागी साठला की त्याची काळी माती होते. ही काळी माती ओल धरून ठेवते, भिजली की फुगते, सुकली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला ती सोन्यासारखी. मंगळवेढ्याच्या ज्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती अशाच खोल काळ्या जमिनीतली. पण आषाढात हीच जमीन पायी चालणाऱ्याच्या पायाला शेर शेर चिकटते, आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत पाय मुरगळतो. माळावरचा मुरूम मात्र पाऊस पडून गेला की घटकाभरात निथळतो. म्हणजे वाट वाकडी होती ती आळसाने नव्हे. जेथे पिकाची हानी होणार नाही आणि पायही रुतणार नाही, अशी जमीन शोधीत ती चालली होती. शेतकरी आणि वाटसरू या दोघांचाही विचार तिच्यात होता.

दुसरा धडा सीनेच्या पात्रात मिळाला. वाट नदीशी आल्यावर थेट न उतरता काठाने बरीच वर गेली आणि मग पात्रात शिरली. त्या वर्षी पात्र जवळजवळ कोरडे पडले होते, म्हणून एरवी पाण्याखाली असणारी गोष्ट मला उघडी दिसली. त्या जागी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत काळ्या कातळाची एक रुंद पट्टी आडवी गेलेली होती. वर-खाली सगळीकडे गाळ आणि वाळू; फक्त तेवढ्याच जागी पायाखाली दगड. टणक थराची ती कड नदीला झिजविता आली नव्हती. आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते. “हितं पाय बुडत नाहीत,” एवढेच ती म्हणाली. पण ते पहिल्याने शोधून काढणारा कोणीतरी असेल, त्याच्या मागून दुसरा गेला असेल, आणि कित्येक पिढ्यांच्या पावलांनी मिळून ती खूण जपली असेल. आमची वाट कोणी आखली, या माझ्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की ती अर्धी त्या प्राचीन अग्निरसाने आखली आणि अर्धी अनवाणी पायांनी.

तिसरा धडा पाण्याचा. ओढ्याच्या दरडीत एके ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक थर निवून त्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात झिजलेल्या पृष्ठभागाचा तो अवशेष. त्याच्या जवळपास पुष्कळदा सच्छिद्र, पांढऱ्या ठिपक्यांचा मऊ खडक असतो. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. अशा झिजलेल्या, छिद्रांच्या खडकात पाणी राहते. आजीच्या वाटेवरच्या विहिरी अशाच उतारांच्या पायथ्याशी होत्या, आणि प्रत्येक विहिरीशी एखादे लिंबाचे किंवा वडाचे झाड होते. दोन विहिरींमधले अंतर म्हातारीला आणि मुलाला झेपेल एवढेच होते. आमच्या वाटेवर मैलाचे दगड नव्हते. आमचे मोजमाप तहानेचे होते.

श्रोतेहो, पंढरपुराभोवती अशा वाटांचे जाळे आहे. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून आणि तुकोबांची देहूहून निघून वाखरीला येते, हे सर्वांस ठाऊक आहे. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी सोलापुरावरून तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा अशी येते. या मार्गावरचे माचणूर भीमेच्या काठी आहे. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी तेथे पडलेली होती. बादशहाची ती अफाट छावणी गेली. तिच्या खुणा शोधाव्या लागतात. वारकऱ्यांची रहदारी मात्र राहिली आहे.

मंगळवेढ्याचे नाव घेतले की चोखोबांची आठवण होते. मंगळवेढा ते पंढरपूर हे सात-आठ कोसांचे अंतर. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ आहे. ती दाराशी आहे, आत नाही, हे मी मुलांना नेहमी सांगत असे. आणि मग सांगत असे की जे दार चोखोबांना उघडले नाही, ते त्यांच्या समाजाला उघडावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केले आणि १० मे रोजी ते सफल होऊन सुटले. या दोन गोष्टींच्या मधे सहाशे वर्षे आहेत. या सहाशे वर्षांत दार बंद होते, पण वाट बंद नव्हती. शेवटच्या पायरीपर्यंत येण्याचा मार्ग त्या लोकांनी चालून चालून आपलासा करून ठेवला होता. तो नसता, तर दार उघडा म्हणून कोणी कोणत्या तोंडाने म्हटले असते? वाटेचे महत्त्व मला वाटते ते यासाठी. ज्याला दुसरे काहीच मिळालेले नाही, त्याच्याजवळही निदान वाट असते.

आता माझ्या अपराधाकडे वळतो.

आमच्या वडिलोपार्जित गटाच्या हद्दीवरून ही वाट जात असे. वडील गेल्यावर शेत माझ्या आणि धाकट्या भावाच्या हाती आले. मी शाळेत, तो शेतात. वाटेच्या कडेला नांगर धरताना एखादे तास वाटेत गेले तर कोण पाहतो? वर्षाला एक तास. पुढे बैल गेले आणि ट्रॅक्टर आला. त्याला वळावयास जागा लागते, तेव्हा आणखी थोडे. मग कूपनलिका झाली आणि ऊस आला. बैलगाड्या बंद पडल्या होत्या, आजी केव्हाच गेली होती, गावचे लोक मोटारसायकलीने हमरस्त्यावरून जाऊ लागले होते. कोणी हरकत घेतली नाही. हे सर्व मला दिसत होते. त्याच वर्षांत मी चौथीच्या मुलांना सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण हा पाठ शिकवीत होतो, आणि चांगला शिकवीत होतो.

२०१८ साली मी निवृत्त झालो. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुटीत माझा नातू पुण्याहून आला. त्याचे वय तेव्हा अकरा. त्याला आजीच्या वाटेने निदान सीनेच्या कातळापर्यंत न्यावे अशी मला इच्छा झाली. २०१९ चा परतीचा पाऊस लांबला होता, हे आपणांस आठवत असेल. काळी राने थबथबली होती. आम्ही घरून निघालो, आपल्या उसाला वळसा घालून माळाच्या कडेला लागलो, आणि अर्ध्या तासात एका काटेरी तारेच्या कुंपणापाशी येऊन थांबलो. कुंपण माळाच्या कडेपासून थेट ओढ्यापर्यंत गेलेले. वाट तारेच्या पलीकडे दिसत होती, पण जावयास फट नव्हती. म्हणून आम्ही खालच्या काळ्या रानात उतरलो. मुलाचा बूट चिखलात रुतून राहिला आणि पाय वर आला. ते पाहून तो हसला. मला हसू आले नाही, कारण माझ्या कानांत आजीचे शब्द वाजत होते. शेवटी आम्ही हमरस्त्यावर आलो. तेथे कडेने चालत असता मागून एक मालमोटार इतकी अंगावरून गेली की मी मुलाला दंडाला धरून ओढले आणि दोघेही चारीत पडलो. लागले काही नाही. पण तो परतीच्या वाटेवर एकदम म्हणाला, “आजोबा, पूर्वी लोक इथून कसे चालायचे?” मी सांगितले, पूर्वी येथून चालत नसत. त्याने विचारले, “मग ती वाट कुणी घेतली?”

मी त्या कुंपणवाल्याचे नाव सांगितले. तो माझाच विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी मी तावातावाने तलाठ्याकडे गेलो आणि गावनकाशा पाहावयास मागितला. श्रोतेहो, हा नकाशा आपण कधी पाहिला नसेल तर जरूर पाहावा. त्यात मूळ जमाबंदीच्या वेळी असलेल्या वाटा दाखविलेल्या असतात. गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. त्याची रुंदी सव्वाआठ फूट. मी बोटाने आमची वाट धरली आणि त्या विद्यार्थ्याच्या गटाकडे निघालो. पण बोट तेथवर पोहोचण्यापूर्वी ती तुटक रेषा दुसऱ्या एका गटाच्या कडेने गेलेली होती. तो गट आमचा. सव्वाआठ फूट, आणि आमच्या सबंध बांधाच्या लांबीइतके. मी तो नकाशा पुष्कळ वेळ पाहत बसलो.

तरीही, मनुष्यस्वभाव पाहा, मी त्या विद्यार्थ्याकडे गेलोच. त्याने मला बसावयास खुर्ची दिली, चहा दिला, माझे सर्व बोलणे ऐकून घेतले. मग अगदी नम्रपणे म्हणाला, “गुरुजी, माझी तार चार वर्षांची आहे. तुमचा ऊस वीस वर्षांचा आहे. तुम्ही आधी तुमच्या बांधापासून सुरू करा. मी मागं राहणार नाही.”

कायदा काय सांगतो, हे मी त्यानंतर समजावून घेतले. आपणांसही ते उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो. अस्तित्वात असलेल्या वाटेला कोणी अडथळा केला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या ५ व्या कलमान्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. शेतात जावयास वाटच नसेल, तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे. त्याप्रमाणे तहसीलदार चौकशी करून दुसऱ्याच्या बांधावरून वहिवाट ठरवून देऊ शकतो. कायदा आहे, आणि तो चांगला आहे. पण सहा महिने या शब्दांपाशी मी अडखळलो. आमच्या वाटेला वीस वर्षे झाली होती. जी वाट वर्षाला एक तास याप्रमाणे मरते, तिच्या मरणाचा दिवस कोणता धरावयाचा? आणि जे तिच्यावरून चालत होते, त्यांतली एक माझी आजी. तिने कोणाकडे अर्ज करावयाचा होता?

२०२० च्या वसंतात आमचा ऊस तुटून गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत टाळेबंदी आली. त्या उन्हाळ्यात हमरस्त्याने आपापल्या गावी पायी निघालेली माणसे आपण सर्वांनी पाहिली. आम्ही ती दारातून पाहिली. कडेवर मूल, डोक्यावर गाठोडे, आणि तापलेल्या डांबरावर पाय. एस. टी. नाही, आगगाडी नाही, तेव्हा माणसाजवळ उरतात ते पायच, हे त्या दिवसांनी पुन्हा शिकविले. त्याच वर्षी आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एस. टी. गाडीने पंढरपुरास गेल्या. मी माझ्या भावाला म्हणालो, “औंदा आपण लावण करायची नाही तेवढ्या पट्ट्यात.” तो प्रथम रागावला. उसाच्या दोन सरी म्हणजे काही थोडे नव्हे, आणि शेत तो कसतो, मी नव्हे. हेही खरेच होते. दोन दिवस आमचे बोलणे बंद होते. तिसऱ्या दिवशी त्यानेच दोरी आणली आणि आम्ही दोघांनी नकाशाप्रमाणे सव्वाआठ फूट मोजून खुंट्या मारल्या.

त्या विद्यार्थ्याने आपला शब्द पाळला. त्याने तार आत घेतली. दोघांच्या मिळून सुमारे दीड किलोमीटर वाट आज मोकळी आहे. आम्ही तिच्यावर मुरूम टाकला. दोन ठिकाणी लिंब लावले, त्यांतला एक जगला. याच्या पुढे काय, असे आपण विचाराल. पुढे एका ठिकाणी वाद आहे, एका ठिकाणी इमारत आहे, आणि काही ठिकाणी वाटेचा मागमूसही उरलेला नाही. सीनेच्या कातळापर्यंत आजही सलग जाता येत नाही. पण त्या दीड किलोमीटरवरून सकाळी शाळेची मुले जातात, आणि पाळी सुटली की वसाहतीतले काही कामगार हमरस्ता टाळून घरी जातात. कार्तिकीला चार-सहा बायकाही गेल्या. त्यांना ही वाट मोकळी झाल्याचे कोणी सांगितले, हे मला अद्याप कळलेले नाही.

सरकारने वारकऱ्यांचा विचार केला नाही असे मी म्हणणार नाही. दिवेघाटापासून मोहोळपर्यंत सुमारे २२१ किलोमीटरांचा जो पालखी मार्ग, त्याच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसली. त्याच्या आराखड्यात दोन्ही बाजूंस पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टी धरलेली आहे. ही गोष्ट मोठी आहे. परंतु नदी जशी ओढ्यांनी भरते, तसा हमरस्ता पायवाटांनी भरतो. लक्षावधी लोक पालखीबरोबर चालतात, ते आपापल्या घरून निघून तिच्यापर्यंत पोहोचतात कसे? खेड्याखेड्यांतून येणाऱ्या त्या बारीक, तुटक रेषा कोणतेही सरकार एकट्याने राखू शकणार नाही. त्यांच्या दोन्ही बाजूंस कोणाचे तरी शेत आहे, आणि त्या शेताला मालक आहे.

हा मालक कोण? येथे मी आपणांकडे वळतो. आपण शहरात राहता. पण आपणांपैकी पुष्कळांच्या नावे गावाकडे दोन-चार एकर जमीन आजही सातबाऱ्यावर असेल. ती कोणी चुलतभाऊ किंवा वाटेकरी कसत असेल, आणि वर्षाकाठी ज्वारीचे एक पोते घरी येत असेल. माझी आपणांस एवढीच विनंती आहे की पुढच्या सुटीत गावी गेलात म्हणजे तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा नकाशा मिळवा, आपला गट शोधा, आणि त्याच्या कडेने एखादी तुटक रेषा जाते का ते पाहा. जात असेल, तर नकाशा हातात घेऊन शेतावर जा आणि ती जमिनीवर आहे का ते पाहा. नसेल, तर दुसऱ्या कोणाची तार शोधण्यापूर्वी आपला बांध मोजा. मी हा क्रम उलटा केला आणि फजीत झालो.

आणि मुलांना एकदा तरी पायी न्या. सबंध वारी करा असे मी म्हणत नाही. पंढरपुराच्या अलीकडे पाच-सात किलोमीटरांवर मोटारीतून उतरा, एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या आणि माळाच्या कडेने चाला. वाटेत कांद्याच्या पातींसारखे पापुद्रे सुटलेले गोल काळे धोंडे दिसतील. ते कोणी घडविलेले नाहीत, खडक कोपऱ्यांकडून झिजत झिजत तसा गोल होतो, हे त्यांना दाखवा. दरडीतला तांबडा पट्टा दाखवा. मुरूम हातात घेऊन चुरगळा, मग काळी माती घ्या, आणि हे एकाच पाषाणाचे दोन अवतार आहेत हे सांगा. पुस्तकात जे पान एका तासात संपते, ते येथे पायांनी वाचावयास सबंध सकाळ लागते. पण मग ते विसरत नाही.

माझा नातू आता मोठा झाला आहे. गेल्या वेळी तो आला तेव्हा आम्ही त्या दीड किलोमीटरच्या वाटेने गेलो आणि जेथे वाट संपते तेथे उभे राहिलो. पुढे सीनेच्या बाजूची झाडी दिसत होती. कातळ अजून किती लांब, असे त्याने विचारले. मी सांगितले, चालावयास तासभर, पण मोकळा करावयास किती वर्षे लागतील ते सांगता येत नाही. तो म्हणाला, “मग नकाशाची एक प्रत माझ्याकडे देऊन ठेवा.”

ती मी त्याला दिली आहे.